टाचणीच्या खाली गेलेलं पाणी

एकतीस वर्षं मी बटाटे कोरले. तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. कागदोपत्री माझा हुद्दा ‘प्रयोगशाळा परिचर’, पोरांच्या तोंडी ‘भटूमामा’. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे, कॉलेज बिचारं विनाकारण बदनाम व्हायचं.

दिवाळी अंकवाले म्हणाले, नोकरीतले अनुभव लिहा. मी म्हटलं, लिहितो, पण कुठल्या साली लागलो, कधी कायम झालो, ते कोणी वाचणार नाही. त्यापेक्षा नोकरीभर माझ्या डोक्यात जो घोळ राहिला, तोच लिहितो. घोळ असा की पाणी नेमकं कुठून कुठे जातं.

हसू नका. तुम्हाला वाटतं पाणी उतारानं खाली जातं. मलाही तसंच वाटायचं. ब्राह्मणपुरीला आमच्या शेतात मी लहानपणी पिकाला पाणी द्यायचे बारे धरलेत, पाण्याचा स्वभाव मला कोणी शिकवायला नको होता. पण प्रयोगशाळेत गेलो आणि पहिल्याच आठवड्यात तो सगळा अनुभव फुकट गेला.

आधी बटाट्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. चांगला मोठा बटाटा घ्यायचा, सोलायचा. बुड सपाट कापायचं, म्हणजे तो बशीत सरळ उभा राहतो. वरून मधोमध चाकूनं खळगा कोरायचा. तळाला भोक पडलं की बटाटा बाद, भाजीला न्यायचा. खळग्यात साखरेचं घट्ट पाणी अर्ध्यापर्यंत भरायचं आणि त्या पाण्याच्या पातळीला आतल्या बाजूनं एक टाचणी टोचायची. मग हा बटाटा साध्या पाण्याच्या बशीत ठेवून द्यायचा. तासा-दीड तासानं बघायचं. खळग्यातलं पाणी टाचणीच्या वर चढलेलं असतं. बशीतलं साधं पाणी बटाट्याच्या अंगातून वर, साखरेच्या पाण्यात शिरलेलं असतं. ना पंप, ना मोटर. याला परासरण म्हणतात.

आमचे चौधरी सर, जीवशास्त्राचे विभागप्रमुख, भला माणूस. त्यांनी मला सुरुवातीलाच समजावलं होतं. “मामा, प्रत्येक पेशीला एक पातळ पडदा असतो. तो पाण्याला वाट देतो, साखरेला देत नाही. साखर पलीकडे जाऊ शकत नाही, मग पाणीच साखरेकडे येतं. पातळाकडून घट्टाकडे.”

हे मला समजलं. मी खूश. दोन-तीन वर्षांनी पुस्तक बदललं आणि सर वर्गात सांगू लागले की पाणी जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिथे जातं. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. तास सुटल्यावर विचारलं, “सर, खळगा तर पाण्यानं भरलाय, तिथे पाणी कमी कसं?”

“साखरेनं जागा अडवलीय ना, म्हणून तेवढ्यात पाणी कमी.”

“म्हणजे पाणी साखरेकडे जातं की कमी पाण्याकडे जातं?”

“एकच गोष्ट आहे, मामा.”

मला ती आजही एकच वाटत नाही. त्यात पुढे सरांनी सांगितलं की मीठ, साखर हेसुद्धा पडद्यातून जातात, त्यांच्यासाठी वेगळी दारं असतात, आणि कधीकधी पेशी आपली ताकद खर्चून त्यांना उलट्या दिशेनंही ओढते. मी म्हटलं, मग पडदा अडवतो की सोडतो? सर म्हणाले, दोन्ही. तेव्हापासून मी विचारणं सोडलं आणि बटाटे कोरत राहिलो.

घरी बायको लोणच्याची कैरी मीठ लावून ठेवायची आणि रात्रीतून पातेलंभर पाणी सुटायचं. मी सांगायला जायचो की हे बघ, बाहेर मीठ, म्हणून फोडीतलं पाणी बाहेर आलं. ती आमच्या अहिराणीत म्हणायची, “पानी कोठून कोठे जास ते तुमी पोरेसले शिकाडा. माले इतलंच सांगा, बरनीमा खार कमी तर नही पडाव?” मी नुसती बरणी हलवून बघायचो. तिचा अंदाज मात्र कधी चुकला नाही.

पण एक प्रयोग असा होता की त्यात मला शंका नव्हती. जांभळ्या पानाचा. आमच्या प्रयोगशाळेच्या दारात एका कुंडीत ते झाड होतं, पान वरून हिरवं, खालून जांभळं. खालच्या अंगाची पातळ साल काढायची, काचपट्टीवर ठेवायची, सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. एकेक पेशी जांभळ्या रसानं भरलेली, फरशी बसवल्यासारखी ओळीत. आता मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा. बघता बघता रस भिंतीपासून सुटतो आणि आक्रसून मधोमध गोळा होतो. साध्या पाण्याचा थेंब द्या, पुन्हा हळूहळू फुगून भिंतीला टेकतो. पोरं गेल्यावर दिवे बंद करायच्या आधी मी कितीतरी वेळा हे एकटाच बघत बसलोय. मी दहावी नापास माणूस, पण जिवंत पेशी पाणी पिताना मी पाहिली आहे. याचा मला अभिमान आहे, अजूनही आहे.

एका वर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी चौकीदाराच्या शेळीनं ती कुंडी बुंध्यापर्यंत खाल्ली. चौधरी सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मी घरून लाल कांदे आणले. कांद्याच्या बाहेरच्या पाकळीची साल तशीच रंगीत असते, तिच्यातही रस तसाच आक्रसतो. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, कांद्यावर फार छान दिसतंय, मुद्दाम केलंत का? सर म्हणाले, हो. शेळीचं नाव निघालं नाही.

दुसरं एक यश सांगतो. आमच्या गल्लीतला ईश्वर, पपईवाला. एक दिवस सकाळीच दारात.

“भटूभाऊ, वावर ओलं शे, तरी झाडेसनी माना टाकी दिन्यात. काय व्हयनं व्हई?”

मी विचारलं, “युरिया कितला टाका?”

“जरासा हात सैल सोडा. पपई मोठी व्हवाले पाहिजे ना.”

म्हणजे युरिया त्यानं प्रमाणाबाहेर टाकला होता. मला त्या क्षणी सूक्ष्मदर्शकातला तो आक्रसलेला जांभळा गोळा दिसला. जमिनीतलं पाणी खतानं इतकं घट्ट झालं होतं की मुळांना ते घेता येईना, उलट मुळांतलंच बाहेर चाललं होतं. मी त्याला म्हटलं, दोन दिवस नुसतं साधं पाणी सोड, भरपूर, खत धुऊन खाली जाऊ दे. त्याची बरीचशी झाडं वाचली. तेव्हापासून तो मला ‘डॉक्टर’ म्हणतो. खरं सांगायचं तर मी अंदाजानं बोललो होतो. लागला अंदाज.

अंदाज हाच पुढे नडला.

आता जमुनाचं सांगतो. हे सांगण्यासाठीच लिहायला बसलोय, इतका वेळ टाळत होतो.

जमुना तोरणमाळच्या खालच्या अंगाच्या एका पाड्यावरची. शहाद्याला वसतिगृहात राहायची. घरी पावरी बोलणारी पोर, मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे तिची मराठी अगदी पुस्तकासारखी. आमच्याकडची पोरं आपसात अहिराणी बोलतात, ती तिला अर्धी कळायची. मग मीही तिच्याशी बोलताना जपून पुस्तकी मराठी बोलायचो. आम्ही दोघं बोलू लागलो की बाकीची पोरं हसायची, म्हणायची, मामा बातम्या वाचायला लागला.

तिची एक सवय होती. ती बघायची. बाकीची पोरं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावल्यासारखं करायची आणि चित्र पुस्तकातून काढायची. जमुना दहा-दहा मिनिटं डोळा लावून बसायची आणि जे दिसेल ते काढायची. एकदा तिनं पेशींच्या मधोमध एक मोठं गोल वर्तुळ काढलं. सरांनी विचारलं, हे काय? ती म्हणाली, “हवेचा बुडबुडा आहे, सर.”

“बुडबुडा काढायचा नसतो.”

“पण तो दिसत आहे, सर.”

सर हसले, पण त्यांनी त्या वहीवर सही केली.

तिला नर्स व्हायचं होतं. तिच्या पाड्यावर एक नर्सबाई चढून यायची, तीच तिनं पाहिलेली पहिली नोकरीवाली बाई. नर्सिंगला जायला बारावीत ठरावीक टक्के लागत होते. लेखी पेपरात जमुना भाषेला अडायची, प्रश्न समजायलाच वेळ जायचा. चौधरी सर मला म्हणाले होते, “मामा, ही पोरगी काठावर आहे. प्रॅक्टिकलला पूर्ण मार्क पडले तरच तिचं जमेल. एक प्रयोग जरी गेला तरी राहिली.” हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला दुसऱ्या गावाहून परीक्षक येतात. त्या वर्षी आलेले साहेब सकाळी गाडीतून उतरले ते कपाळाला आठ्या घालूनच. रस्ता खराब, ऊन कडक, त्यात कँटीन बंद. आमच्याकडे पाहुण्याला चहा दिला नाही तर चालतं एक वेळ, पण फिका चहा दिला तर पाहुणा परत जाऊन सांगतो. आमच्या खान्देशात चहा म्हणजे गोड, ओठाला ओठ चिकटला पाहिजे. प्रयोगशाळेत चहासाठी आमचं एक वेगळं मोठं चंचुपात्र होतं, त्यावर मी रंगानं ‘चहा’ लिहून ठेवलं होतं. तेच बर्नरवर चढवलं.

डब्यात बघतो तर चहाची साखर संपलेली. प्रयोगाची साखर होती, कपाटात, पुडीत. मी विचार केला, घेऊ थोडी. साहेबांचा, सरांचा, दोघा-तिघा मास्तरांचा चहा झाला. साहेबांच्या आठ्या जरा सैल झाल्या. ते म्हणाले, चहा झकास. सर म्हणाले, मामा, अजून एकदा. मी अजून एकदा केला.

मग सरांची हाक आली, “मामा, द्रावण!” मी पुडी झटकली. दोन चमचे साखर उरली होती. पाव लिटर पाण्याला दहा चमचे तरी लागतात. दुकान लांब रस्त्यावर, आत परीक्षा सुरू झालेली. मी उभ्या उभ्या हिशेब केला, आणि तो हिशेब मला तेव्हा बिनचूक वाटला. साखर पाण्याला ओढते. जास्त साखर जास्त ओढेल, कमी साखर कमी ओढेल. पाणी बोटभर नाही चढणार, नखभर चढेल. पण चढेल तर खरं. वर्षानुवर्षं मी साखर तोलत नव्हतो, हाताच्या अंदाजानं टाकत होतो आणि कधी बिघडलं नव्हतं. मी दोन चमचे विरघळवले आणि बाटली नेऊन ठेवली.

चिठ्ठ्या निघाल्या. आठ जणांना बटाटा आला. आठव्या टेबलावर जमुना होती. तिला चिठ्ठी उघडून हसताना मी पाहिलं, बटाट्याचा प्रयोग तिला पाठ होता. तिनं सुंदर खळगा कोरला, माझ्यापेक्षा चांगला. टाचणी टोचली. बशी सरळ केली. मग दुसऱ्या प्रश्नाकडे वळली.

तासाभरानं मी बशा बघत फिरत होतो. तिनं हळूच बोलावलं.

“मामा, पातळी खाली गेली आहे.”

“खाली कशी जाईल? नीट बघ.”

“मी तीनदा पाहिलं.”

मी वाकलो. पाणी टाचणीच्या खाली होतं. थोडंसं, पण स्पष्ट खाली. टाचणीपासून पाण्यापर्यंत बटाट्याची ओली कड दिसत होती. मला वाटलं, हिच्या बटाट्याला भोक पडलं असेल. शेजारच्या बशीत डोकावलो. तिथेही खाली. त्याच्या पुढच्या बशीत, तिथेही. आठही बटाट्यांत पाणी खाली गेलं होतं. माझं डोकं चालेना. कमी साखर म्हणून पाणी चढलं नाही, इथपर्यंत मी समजू शकत होतो. पण खाली? बशीत पाणी, खळग्यात गोड पाणी, मग ते गेलं कुठे?

बाकीच्या सातजणांनी काय लिहिलंय ते बघितलं. सातही कागदांवर एकच वाक्य होतं, की पातळी वर चढली. एकानं तर एक सेंटिमीटर असं मापही लिहिलं होतं. त्यांनी बशीकडे पाहिलंच नव्हतं.

जमुनाच्या कागदावर होतं, ‘द्रावणाची पातळी टाचणीच्या खाली गेली.’

तोंडी परीक्षेला साहेबांनी तिचा कागद उचलला. मी मागे नळावर परीक्षानळ्या धूत होतो, सगळं ऐकू येत होतं.

“परासरणात पाणी कुठे जातं?”

“पातळ द्रावणाकडून घट्ट द्रावणाकडे, सर.”

“मग खळग्यात पातळी वर यायला हवी की खाली?”

“वर, सर.”

“आणि तू लिहिलंय खाली.”

“आज खाली गेली आहे, सर.”

“बाकी सगळ्यांची वर गेली. तुझीच खाली गेली?”

तिनं वळून आपल्या बशीकडे बघितलं. साहेबांनी लाल पेन काढलं. अजून गुण लिहिले नव्हते, नुसतं पेन कागदावर टेकवून चौधरी सरांकडे बघितलं. सरांचा चेहरा उतरला.

मी आतल्या खोलीत गेलो. बाटलीतलं द्रावण उरलं होतं. प्रयोगशाळेत काही चाखायचं नाही हा नियम मीच पोरांना सांगायचो. मी बोट बुडवून चाखलं. जवळजवळ फिकं. सरांना खूण करून आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. चहा, पुडी, दोन चमचे. म्हटलं, “सर, पोरगी बरोबर आहे. आठही बशांत पाणी खालीच आहे. मी स्वतः बघितलं. साहेबांना सांगतो, मला काय शिक्षा करायची ती करा.”

सरांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, “मामा, तिचं बरोबर धरलं तर बाकी सातजणांचं काय? त्यांनी खोटं लिहिलं असं होईल. पंचायत होईल. सातजणांचा प्रयोग जाईल.”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सातांत माझ्या चुलतभावाची मुलगी होती. ईश्वर पपईवाल्याचा पुतण्या होता. एकाला वाचवायला गेलो तर सात बुडतात, आणि सात वाचवायचे तर एक. आणि हे सगळं दोन वेळच्या चहापायी.  मी सरांना म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं.

सर बाहेर गेले. साहेबांशी हळू आवाजात बोलले. पोरगी हुशार आहे, आदिवासी भागातली आहे, परीक्षेत घाबरली, बघण्यात चूक झाली, तिला एकदा पुन्हा बघून दुरुस्त करू द्या. साहेब मनानं वाईट नव्हते. ते म्हणाले, ठीक आहे, करू दे. मग सर माझ्याकडे आले. “मामा, तुम्हीच सांगा तिला. तुमचं ती ऐकेल.”

मी तिच्या टेबलापाशी गेलो. तिचा बटाटा समोरच होता. ती माझ्याकडे बघत होती, कारण मी ते पाणी बघितलंय हे तिला माहीत होतं. मी मघाशी तिच्या शेजारी वाकलो होतो.

मी म्हटलं, “बेटा, तुझी नजर चुकली. पाणी वरच असतं. वर लिही.”

“मामा, तुम्हीसुद्धा पाहिलं ना?”

“मी पाहिलं. वर आहे.”

तिनं पुन्हा बशीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मग ‘खाली’ हा शब्द आडवी रेघ मारून खोडला आणि त्याच्यावर नीट अक्षरात लिहिलं, वर. साहेबांनी पूर्ण गुण दिले. तिनं बटाटा उचलला, बादलीत टाकला, बशी धुऊन पालथी घातली आणि गेली.

निकाल लागला त्या दिवशी ती पेढे घेऊन आली होती. जेमतेम बसली होती टक्क्यांत. प्रॅक्टिकलचे गुण नसते तर बसली नसती, हेही तितकंच खरं. सरांच्या पाया पडली, माझ्याही पडली. जाताना म्हणाली, “मामा, त्या दिवशी माझी नजर चुकली होती ना?”

मी म्हटलं, “हो.”

 पेढा हातातच होता.

निवृत्त झाल्यावर मी घरी एक दिवस तीन बटाटे कोरले. एकात घट्ट साखर, एकात दोन चमच्यांच्या हिशेबाची, एकात नुसतं पाणी. बायको म्हणाली, “रिटायर व्हयनात ना तुमी? मंग बटाटा काबरं कोरी ऱ्हायनात? भाजीले तरी ऱ्हाऊ द्या.” मी तासभर तिथेच बसून राहिलो. घट्ट साखरेचं चढलं. बाकी दोन्हींचं उतरलं. पुन्हा केलं, पुन्हा तसंच.

सरांना फोन लावला. सर म्हणाले, “अहो मामा, बटाट्याच्या पेशीतही विरघळलेले पदार्थ असतातच की. तुमचं द्रावण त्याहून पातळ होतं. मग बटाटाच ते पाणी प्याला, बशीतलंही आणि खळग्यातलंही. नियमाला धरूनच झालं सगळं.”

म्हणजे नियम बरोबर होता, पुस्तक बरोबर होतं, बटाटाही बरोबर होता. मी सरांना विचारलं, “हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?” ते म्हणाले, “तेव्हा विचार करायला वेळ कुठे होता, मामा.” मला त्यांचा राग आला नाही. राग करायला माझी बाजू तरी कुठे धड होती.

जमुना नर्स झाली. मोठ्या दवाखान्यात आहे असं ऐकतो. ताप किती, नाडी किती, रोग्याला लघवी किती झाली, सलाईन किती गेली, दिवसभर बघायचं आणि लिहायचं, हेच तिचं काम. जे दिसलं तेच लिहायचं. आणि तिच्या नजरेवर पहिला अविश्वास मी तिला शिकवला. तिला मी वाचवलं की तिचं नुकसान केलं, याचा मी इतकी वर्षं विचार करतोय. एक दिवस वाटतं, बरं केलं, नाहीतर ती आज पाड्यावर असती. दुसऱ्या दिवशी वाटतं, खरं बोललो असतो तर साहेबांनी कदाचित काहीतरी मार्ग काढला असता, आठही जणांना पुन्हा बसवलं असतं. मी त्यांना विचारलंच नाही. मला कळत नाही. अगदी खरं सांगतो, आजही कळत नाही.

तिचा नंबर माझ्याकडे आहे, वसतिगृहाच्या बाईंनी दिला. तीनदा व्हॉट्सॲपवर लिहिलं आणि तीनदा पुसलं. म्हणून इथे लिहितोय, छापलेलं पुसता येत नाही. कोणीतरी तिला दाखवेल.

जमुना, तुझी नजर चुकली नव्हती. पाणी खालीच गेलं होतं. मी पाहिलं होतं.